उसनी पेटी

माझ्या घरावरची रोषणाई बघायला थांबणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार. पहिले विचारतात, “दिवे किती आहेत हो?” आकडा ऐकला की “बाप रे!” म्हणतात, फोटो काढतात आणि निघतात. त्यांनाही आनंद, मलाही आनंद. दुसरे मात्र दिव्यांकडे कमी आणि दिव्यांच्या मागे जास्त बघतात. ही वायर खिडकीखालून कुठे गेली? ती राखाडी पेटी कसली? सगळे दिवे एकदम रंग कसे बदलतात? मग जरा घुटमळून, “काकू, हे मला घरी जमेल का?”

हे लिहितेय ते त्या दुसऱ्यांसाठी.

मी पेशाने हिशेबनीस. विजेचं औपचारिक शिक्षण शून्य. जमायला काही अडचण नाही, हे सांगायला एवढं पुरे व्हावं. पण “जमेल” म्हटल्याबरोबर पुढचं वाक्य ठरलेलं असतं. पूर्ण घराच्या कडेने दिवे, गच्चीवर मोठं प्रकाशाचं झाड, दारावर दिव्यांचे गाणारे चेहरे, सगळं संगीतावर, आणि हे सगळं येत्या सणाला. अशा वेळी माझं काम एकच: ते स्वप्न कापून ५० दिव्यांवर आणणं. लोक हिरमुसतात. हिरमुसू देते. या छंदात मी माणसं गळताना पाहिली आहेत ती जवळजवळ सगळी पहिल्याच वर्षी, अर्धवट सोललेल्या वायरींच्या ढिगाऱ्यात बसून गळलेली. आणि ज्यांनी एक खिडकी धड पूर्ण केली ते बहुतेक सगळे अजून टिकून आहेत.

म्हणून मी एक पेटी करून ठेवली आहे. मागेल त्याला उसनी देते. आत फार काही नाही: ५० पिक्सेलची, म्हणजे प्रत्येकाचा रंग वेगळा बदलता येणाऱ्या ५० दिव्यांची, एक ५ व्होल्टची माळ, ५ अँपिअरचा अडॅप्टर, ईएसपी३२ चा छोटा बोर्ड (दिव्यांना हुकूम देणारा इवला संगणक), सोबत एक इवलीशी चिप, एक फ्यूज, व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर आणि जाड वायरचे दोन तुकडे. बोर्डात डब्ल्यूएलईडी नावाची प्रणाली आधीच भरलेली असते. ती फुकट आहे, तिचा कोड सगळ्यांना खुला आहे, आणि फोनवरून वायफायने चालते. पेटी घरी न्यायची, टेबलावर मांडायची, भिंतीवर नाही. शिडीचा विचारसुद्धा करायचा नाही.

पहिल्या संध्याकाळी बहुतेकांचा फोन येतो. “लाल सांगितलं तर हिरवा लागतोय, माळ खराब आहे वाटतं.” माळ ठणठणीत असते. पिक्सेलला रंगांचे तीन आकडे एकामागून एक जातात. कोणता आकडा आधी, हे वेगवेगळ्या मालात वेगळं असतं. काहींना लाल आधी लागतो, काहींना हिरवा. डब्ल्यूएलईडीच्या सेटिंगमध्ये रंगांचा क्रम बदलला की काम झालं. दुसरा फोन येतो तो “काहीच लागत नाही” म्हणून. नव्वद टक्के वेळा माळ उलटी जोडलेली असते. पिक्सेलच्या माळेला तोंड आणि शेपूट असतं. डेटा एकाच टोकाने आत शिरतो. बहुतेक माळांवर बाण छापलेला असतो, तो बोर्डापासून लांब जाणारा हवा. हे दोन्ही फोन यावेत अशीच माझी इच्छा असते. मी पेटीत मुद्दाम क्रम चुकीचा ठेवून देते, हे आता सांगून टाकायला हरकत नाही.

पिक्सेल म्हणजे नक्की काय, हे इथे समजून घेणं फायद्याचं. जुन्या साध्या माळेत सगळे दिवे एकत्र लागतात, एकत्र विझतात. पिक्सेलमध्ये प्रत्येक दिव्याच्या पोटात एक चिप असते, डब्ल्यूएस२८११ किंवा तिची भावंडं. बोर्ड आकड्यांची एक लांबलचक रांग माळेत सोडतो. पहिली चिप आपल्या वाट्याचे २४ बिट (तीन रंगांचे आकडे) काढून घेते आणि उरलेली रांग ताजी करून पुढे ढकलते. दुसरी तसंच करते, तिसरी तसंच. एका बिटला सव्वा मायक्रोसेकंद लागतो, म्हणजे एका पिक्सेलला ३०. यावरून एक मर्यादा आपोआप निघते: सेकंदाला ४० चित्रं हवी असतील, तर प्रत्येक चित्राला २५ मिलिसेकंद मिळतात आणि तेवढ्यात एका तारेवरून साधारण ८०० पिक्सेलांचीच माहिती जाते. त्याहून लांब माळ हवी असेल, तर दुसरी तार काढायची नाहीतर वेग कमी करायचा. ५० दिव्यांवाल्याला ही चिंता नाही, पण पुढे मोठा कंट्रोलर, म्हणजे माळा चालवणारा बोर्ड, घेताना “तारांसाठी इतकी तोंडं कशाला?” हा प्रश्न पडत नाही.

याच रचनेमुळे बिघाड शोधणंही सोपं होतं. माळ मधूनच पुढे अंधारी झाली, तर दोषी दोनच: शेवटचा नीट पेटणारा दिवा किंवा त्याच्या पुढचा पहिला न पेटणारा. एकाने पुढे दिलं नाही किंवा दुसऱ्याने घेतलं नाही. त्या दोघांना कापून नवे जोडा. उरलेल्या माळेला हातही लावू नका.

आता पेटीतली ती इवलीशी चिप. बहुतेकजण तिला वगळून बघतात, आणि टेबलावर तिच्यावाचून चालतंही! म्हणून तर ती फसवी आहे. ईएसपी३२ चा संकेत ३.३ व्होल्टचा, ५ व्होल्टवर चालणाऱ्या पिक्सेलला “हा एक आहे” हे खात्रीने कळायला कागदावर तरी साधारण ३.५ लागतात. वीतभर वायर असेल तर दिवा समजून घेतो. तीच वायर खिडकीपर्यंत लांबवली की दिवे मध्येच थरथरतात, कुठेतरी निळा ठिपका उठतो, पाऊस पडला की आणखी वेड्यासारखं करतात. ७४एएचसीटी१२५ ही चिप मध्ये घातली की संकेत ५ व्होल्टचा होतो. सोबत बोर्ड, अडॅप्टर आणि माळ या तिघांचं ग्राउंड (वजा तार) एकमेकांना जोडलेलं हवं. ग्राउंड विसरल्यामुळे हैराण झालेल्यांची संख्या या छंदात सगळ्यात मोठी असावी.

वीज मात्र मी कुणाला तोंडी शिकवत नाही, कागदावर शिकवते. माझा धंदाच तो. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. ५ व्होल्टचा एक पिक्सेल पूर्ण पांढरा पेटला की साधारण ६० मिलिअँपिअर खातो. ५० पिक्सेल म्हणजे ३ अँपिअर, १५ वॉट. अडॅप्टर ५ अँपिअरचा असला तरी जमेच्या बाजूला मी ४ च लिहायला लावते. पुरवठा कायम ८० टक्क्यांच्या आत वापरायचा. ४ वजा ३, शिल्लक एक. छान. आता हाच हिशेब ५०० दिव्यांचा करा म्हटलं की समोरचा माणूस पेन खाली ठेवतो आणि स्वप्न आपोआप आटोपशीर होतं.

मग मी त्याला आनंदाची बातमी सांगते: पूर्ण उजेडाची कधीच गरज नसते. रात्री रस्त्यावरून बघणाऱ्याला ३० टक्के तेज भरपूर होतं, कारण आपला डोळा प्रकाश सरळ प्रमाणात मोजत नाही. आकडा निम्म्यावर आणला तरी उजेड निम्मा झाल्यासारखा वाटत नाही. माझी स्वतःची रोषणाई याच्याही खाली चालते. पूर्ण तेजात पिक्सेल बघणं म्हणजे डोळ्यांना त्रास, वीजबिलाला त्रास, आणि फोटोत तर नुसते पांढरे डाग.

५ व्होल्ट की १२, यावर या छंदातले लोक रात्र-रात्र वाद घालतात. माझं मत: लहान घर, लहान आकार असेल तर ५. साध्या रेझिस्टरवाल्या १२ व्होल्टच्या पिक्सेललाही तेवढाच प्रवाह लागतो, म्हणजे त्याच ५० दिव्यांना १५ च्या जागी ३६ वॉट, आणि वरचे सगळे उष्णतेत जातात. पण वायर लांब न्यायची असेल तर १२ ला पर्याय नाही म्हणणाऱ्यांचंही खरं आहे. काहीही निवडा, दोन्ही एका घरात मिसळू नका. ५ व्होल्टच्या माळेला १२ चा पुरवठा लागला तर ती माळ त्याच क्षणी जाते, दुरुस्ती नाही.

पेटीतले जाड वायरचे तुकडे लांबीच्या प्रश्नासाठी. दोन-तीन माळा एकामागे एक जोडून सगळ्यांना पांढरा रंग द्या. सुरुवातीला पांढरा, मध्ये पिवळट, शेवटाला नारिंगी-लालसर दिसेल. माळेची तार बारीक, वाटेत व्होल्ट गळत जातात. निळ्या आणि हिरव्या दिव्याला साधारण ३ व्होल्ट लागतात, लालला २ च्या आसपास. म्हणून उपासमारीत निळा आधी दम तोडतो आणि लाल शेवटपर्यंत तग धरतो. उपाय: जाड वायरने दुसऱ्या टोकालाही अधिक आणि वजा पुरवायचं. मल्टिमीटरने आधी शेवटच्या दिव्यापाशी व्होल्ट मोजा, वायर जोडा, परत मोजा. हा आकडा स्वतः वर चढताना पाहिला की माणूस हा विषय आयुष्यात विसरत नाही. वेगळ्या अडॅप्टरने पुरवठा करणार असाल तर दोन अडॅप्टरांची अधिक टोकं एकत्र करायची नाहीत, त्या जागी माळेची अधिक तार कापायची. वजा मात्र सगळ्यांची एक.

एवढं झालं की घराबाहेर जायची परवानगी. इथे माझा आवाज थोडा चढतो. ५ व्होल्टने शॉक बसत नाही हे खरं, पण ते ५ व्होल्ट ज्या अडॅप्टरमधून येतात त्याच्या दुसऱ्या बाजूला घरातली पूर्ण वीज असते. अडॅप्टर उघड्यावर, पिशवीत गुंडाळून, कुंडीमागे लपवून ठेवायचा नाही. पाणी न शिरणाऱ्या पेटीत, जमिनीपासून उंच, आणि पेटीत जाणारी प्रत्येक वायर आधी खाली झोळ घेऊन मग वर चढली पाहिजे, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं. बाहेरचा प्लग ज्या सर्किटवर आहे त्याला ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा, आणि त्याचं चाचणीचं बटण हंगामाआधी दाबून पाहायचं. उघड्या जोडणीच्या एसएमपीएसमधल्या (स्क्रूने वायरी जोडायच्या अडॅप्टरमधल्या) मुख्य विजेच्या तीन स्क्रूंना हात लावायची वेळ आली, तर वायरमनला बोलवा. यात कमीपणा नाही. प्रत्येक माळेला तिचा फ्यूज द्या. फ्यूज वाचवतो तो वायरला, दिव्याला नाही. सांधे नुसते पिळून वर चिकटपट्टी लावायची नाही. सोल्डर करा, त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी) नळी चढवा. शिडीवर एकट्याने चढू नका, ओल्या दिवशी तर दोघांनीही नका.

हे सगळं ऐकून काही जण म्हणतात, केवढा व्याप, आजकालचं फॅड! त्यांना मी १८८२ सालचा किस्सा सांगते. न्यूयॉर्कमध्ये एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने आपल्या घरी नाताळच्या झाडावर लाल, पांढरे, निळे असे ८० विजेचे दिवे हाताने जोडले. ते झाड मोटारीवर गोल फिरत होतं आणि फिरता फिरता दिवे लागत-विझत होते. म्हणजे विजेच्या रोषणाईचा पहिलाच गाजलेला नमुना हलता होता. फॅड असेल तर बरंच जुनं आहे.

संगीतावर नाचणारी घरं जगभर पोचली ती अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मेसन इथल्या कार्सन विल्यम्स या अभियंत्यामुळे. त्याच्या घराची २००४ च्या नाताळची चित्रफीत पुढच्या वर्षी इंटरनेटवर पसरली. १६ हजार दिवे होते, पण त्यांना चालवणारी चॅनेल होती ८८. म्हणजे दिव्यांचे ८८ गट, प्रत्येक गट एकत्र उजळणार, एकत्र मंद होणार. आता माझ्या पेटीतली माळ घ्या: ५० पिक्सेल, प्रत्येकाचे तीन रंग, १५० चॅनेल. टेबलावरच्या त्या वेटोळ्यात त्या अख्ख्या घरापेक्षा जास्त चॅनेल आहेत! नवख्याला हे सांगितलं की तो माळेकडे जरा आदराने बघतो. पण विल्यम्सने ८८ मध्ये जे साधलं ते हजारो चॅनेलवाल्यांना जमत नाही, हेही त्याच दमात सांगावं लागतं.

कारण खरा अवघड भाग तारांचा नाहीच, तो निवडीचा. त्यासाठी एक्सलाइट्स नावाचा प्रोग्राम आहे, तोही फुकट. घराचा फोटो पार्श्वभूमीला टाकायचा, त्यावर आपली कमान किंवा खिडकी रेषेने मांडायची, खाली गाण्याची लहर दिसते, गाणं वाजत असताना कळ दाबून ठेक्यांच्या खुणा करता येतात, आणि त्या खुणांच्या मध्ये परिणाम, म्हणजे दिव्यांच्या तयार हालचाली, ओढून ठेवायचे. पुढे दिवे वाढले की नेटवर्कवरून माहिती पाठवायचा ई१.३१ हा प्रकार भेटेल. त्याचं मूळ रंगभूमीच्या प्रकाशयोजनेत, १९८६ च्या डीएमएक्स५१२ या दिवे चालवायच्या पद्धतीत आहे. एका ‘युनिव्हर्स’मध्ये, म्हणजे एका गठ्ठ्यात, ५१२ चॅनेल, म्हणून त्यात १७० पिक्सेल बसतात आणि दोन चॅनेल रिकामी राहतात. हे विचित्र १७० का, असं पुढे कुणी विचारलं तर सांगा. कार्यक्रम रोज आपोआप चालावा म्हणून रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर फाल्कन प्लेअर हा प्रोग्राम घालतात. घरचा मोठा संगणक रात्रभर चालू ठेवावा लागत नाही.

पण पहिल्या वर्षी गाणं पूर्ण करू नका. तीस सेकंद करा. पेटी नेणाऱ्या एका कॉलेजातल्या मुलाने तयार परिणामांची सगळी यादी एका मिनिटात कोंबून आणली होती: फुलपाखरं, आगीच्या ज्वाळा, इंद्रधनुष्य, सगळं. मी त्याला तीन नियम दिले. एका वेळी दोनच रंग. दर ठेक्याला काही घडलंच पाहिजे असं नाही. आणि प्रत्येक कडव्यात कुठेतरी सगळे दिवे पूर्ण विझले पाहिजेत. तो म्हणाला, “काकू, मग दिवे लावले कशाला?” पुढच्या आठवड्यात त्याने जे आणलं त्यात एका तालावर नुसती एक पांढरी रेघ डावीकडून उजवीकडे गेली, मग अर्धा सेकंद काळोख, मग पूर्ण कमान लाल. रस्त्यावरच्या लहान मुलांनी तेवढ्याच भागाला टाळ्या वाजवल्या. इंद्रधनुष्य त्याने स्वतःहून काढून टाकलं.

आवाजाबद्दल थोडक्यात. शेजाऱ्यांना तेच गाणं रोज संध्याकाळी पंधरा वेळा ऐकावं लागलं तर ते दिव्यांचा नव्हे, तुमचा द्वेष करतील. विल्यम्सने गाणं कमी ताकदीच्या एफएमवरून प्रक्षेपित केलं होतं, लोक गाडीतल्या रेडिओवर ऐकायचे. एफएमचे नियम देशादेशांत वेगळे आहेत, काही ठिकाणी घरगुती प्रक्षेपण मुळीच चालत नाही. तपासल्याशिवाय करू नका. फाटकापाशी एक लहान स्पीकर, आवाज बोलण्याच्या पातळीचा, आणि ठरलेल्या वेळी सगळं बंद, हे मला पुरतं. त्याच विल्यम्सला कार्यक्रम थांबवावा लागला तो गर्दीमुळे. जवळ अपघात झाला आणि बघ्यांच्या गाड्यांमुळे पोलिसांना पोचायला अडचण आली. म्हणून दिवे लावण्याआधी समोरच्या आणि शेजारच्या दोन्ही घरी जाऊन सांगून या. उजेड कुणाच्या झोपायच्या खोलीत शिरतो का, ते त्यांच्याच खिडकीत उभं राहून बघा.

पहिला आकार कोणता? मी कमान सुचवते. लवचिक नळीत पिक्सेल बसवायचे, दोन्ही टोकं जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांवर चढवायची. चढाव नाही, शिडी नाही, आणि प्रकाश एका टोकाकडून दुसरीकडे उडी मारतो तेव्हा ५० दिव्यांतही ती गंमत पूर्ण येते. जमीन नसेल तर एका खिडकीची चौकट. झाडाच्या फांद्यांवर माळ गुंडाळू नका; कोणता दिवा कुठे आहे हे एक्सलाइट्समध्ये मांडताना डोकं फिरतं. ते तिसऱ्या वर्षाचं काम.

पेटी मागायची वेळ म्हणाल, तर हंगाम संपल्यावर लगेच. हुरूप ताजा असतो, मला वेळ असतो, आणि चुकायला पूर्ण वर्ष पडलेलं असतं. हंगामाच्या तोंडावर मागितलीत तर देणार नाही. परतीची अट एकच: पेटीतलं काहीतरी सुधारून आणायचं. फ्यूजचं झाकणवालं घर, वायरींवरच्या रंगीत खुणा, अडॅप्टरच्या टोकावर ठळक लिहिलेलं “५” हे सगळं अशाच परतफेडीतून आलेलं आहे.

सध्या पेटी एका निवृत्त शिक्षिकेकडे आहे आणि रंगांचा क्रम त्यांनी मला फोन न करताच शोधून काढला. त्यांच्यामागे दोघे रांगेत आहेत. तोवर रांगेतल्यांनी घराचा समोरून, दिवसाउजेडी, वाटेत गाडी नसताना एक फोटो काढावा. त्याची छापील प्रत घ्यावी आणि तिच्यावर पेन्सिलीने एकच रेघ मारून आणावी, जिथे तुम्हाला पहिले ५० दिवे हवेत तिथे. दोन रेघा आणल्यात तर एक मी खोडणार.